छोटा मिडी कीबोर्ड निवडताना आधी डाव्या हाताचं काम ठरवा

पेटी वाजवताना उजवा हात सुरांवर असतो आणि डावा भात्यावर. ऐकणाऱ्याचं लक्ष उजव्या हाताकडे जातं, पण सूर कुठे भरायचा आणि कुठे हलका सोडायचा, हे डावा हात ठरवत असतो. कॉम्प्युटरला जोडायचा मिडी कीबोर्ड घरी आला की भाता जातो आणि तो हात मोकळा होतो. त्याला आता कोणतं काम द्यायचं, हे खरेदीच्या आधी ठरवलं तर बाजारातली निम्मी मॉडेलं आपोआप बाजूला पडतात. ओळखीतलं कुणीही "छोटा कीबोर्ड कुठला घेऊ?" असं विचारत आलं की मी पहिल्यांदा हेच विचारते.

हा प्रश्न मला सुचवला कीर्तनात साथ करणाऱ्या एका काकांनी. एका अभंगाची चाल कॉम्प्युटरवर बसवायला ते माझ्याकडे आले होते. उजवा हात पहिल्या मिनिटातच सुरांवर रुळला. डावा मात्र पुन्हा पुन्हा कीबोर्डच्या मागच्या कडेला जाऊन तिथे हलकेच दाब देत होता. चाळीस वर्षांची सवय होती ती. आम्ही त्या हाताखाली मॉड्युलेशनचं चाक आणून दिलं आणि मग काका खऱ्या अर्थाने वाजवायला लागले. ते चाक काय करतं हे पुढे सांगते.

सुरुवातीला हे माहीत असू द्या

मिडी कीबोर्डमध्ये (त्यालाच मिडी कंट्रोलर म्हणतात) स्वतःचा आवाज नसतो. दुकानात डबा उघडून कीज दाबल्या आणि काहीच ऐकू आलं नाही, म्हणून माल खराब आहे असं समजू नका. की दाबली की कीबोर्ड फक्त निरोप पाठवतो: कोणता सूर, किती जोरात दाबला, कधी सोडला. आवाज तयार होतो तो कॉम्प्युटर किंवा फोनमधल्या सॉफ्टवेअरमध्ये. निरोपांची ही भाषा म्हणजेच मिडी. ती 1983 मध्ये ठरली आणि तेव्हाची मोजमापं आजही चालतात. सुरांना 0 ते 127 असे क्रमांक आहेत, मधला 'सी' म्हणजे 60. दाबाचा जोरही 127 पर्यंतच मोजला जातो.

याचा एक चांगला अर्थ असा की स्वस्त आणि महाग कीबोर्डमधून वाजणारा पियानो अगदी एकच असतो. तुम्ही पैसे मोजता ते हाताला मिळणाऱ्या स्पर्शाचे.

आणखी एक गोष्ट आधीच बघून घ्या. घरात कपाटावर जुना कॅसिओ किंवा यामाहा पडला आहे का? त्याच्या मागच्या बाजूला प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबीचं तोंड असेल आणि शेजारी 'यूएसबी टू होस्ट' असं काही लिहिलेलं असेल, तर तोच तुमचा मिडी कीबोर्ड. कॉम्प्युटरला जोडल्यावर आवाज दुहेरी येतो, एकदा कीबोर्डचा आणि एकदा सॉफ्टवेअरचा. सेटिंगमध्ये 'लोकल कंट्रोल' बंद करा, नाहीतर त्याचा आवाज शून्यावर आणा. महिनाभर त्यावर काम करा. नवीन कीबोर्डमध्ये नेमकं काय हवं, हे त्या महिन्यात जितकं कळेल तितकं कोणत्याही व्हिडिओतून कळणार नाही.

पहिली पायरी: जागा मोजा

मी पहिल्यांदा 49 कीजचा कीबोर्ड घेतला होता. वाद्य म्हणून छान होतं. पण माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवला की तो मावायचा नाही. दर वेळी पलंगावर काढायचा, वायरी जोडायच्या, वाजवून झालं की पुन्हा भिंतीला उभा करायचा. दोन महिन्यांत तो उभाच राहायला लागला आणि चाली मोबाइलमध्ये गुणगुणून ठेवण्यापुरत्या उरल्या.

म्हणून टेप घ्या. पूर्ण आकाराच्या कीजमध्ये एक सप्तक, म्हणजे सात पांढऱ्या कीज, साधारण साडेसोळा सेंटीमीटर जागा घेतं. त्या हिशोबाने नुसत्या कीजची लांबी 25 साठी सुमारे 35 सेंटीमीटर, 37 साठी 52 आणि 49 साठी 68 होते. डावीकडची चाकं आणि कडा यांची रुंदी त्यात आणखी मिळवायची. मिनी कीजचे 25 चे कीबोर्ड यापेक्षा बरेच आखूड असतात, लॅपटॉपच्या पुढ्यात सहज बसतात. वर्तमानपत्राचा कागद त्या मापाने कापून टेबलावर ठेवा, त्यामागे लॅपटॉप ठेवा आणि खुर्चीत बसून कोपर कुठे येतं ते बघा. खांदे वर उचलले जात असतील तर कीबोर्डपेक्षा आधी टेबलाच्या उंचीचा विचार करावा लागेल.

दुसरी पायरी: डाव्या हाताचं काम ठरवा

इथे घाई करू नका.

*चाल आणि मींड.* तुम्ही भावगीत, अभंग, नाट्यगीत अशा वळणाची चाल बांधत असाल, बासरी-सारंगी-सतारीचे आवाज वापरणार असाल, तर डावा हात पिच बेंडवर, म्हणजे सूर वर-खाली सरकवणाऱ्या चाकावर किंवा पट्टीवर राहणार. रेकडून गकडे सूर घसरत न्यायचा तर उजव्या हाताने रे धरायचा आणि डाव्याने चाक पुढे ढकलायचं. दरबारीतला आंदोलित गंधार पेटीवर निघत नाही, पण चाकावर बऱ्यापैकी साधतो. अशा कामासाठी पिच बेंड कोणत्या प्रकारचा आहे यावर सगळं अवलंबून असतं.

छोट्या कीबोर्डवर तो चार तऱ्हांनी येतो. खरं चाक सर्वांत उत्तम, कारण अंगठ्याखाली त्याचा प्रवास जाणवतो आणि परत येतानाही सूर तुमच्या ताब्यात असतो. जॉयस्टिकमध्ये डावं-उजवं म्हणजे सूर आणि वर-खाली म्हणजे मॉड्युलेशन. जागा वाचते, पण काठी वर ढकलताना जरा तिरकी गेली की सूर हलतो. टच स्ट्रिपवर बोट जिथे टेकेल तिथे सूर एकदम जातो, त्यामुळे मींड घ्यायची तर बोट बरोबर मध्यावर टेकवून सरकवायची सवय करावी लागते. चौथी तऱ्हा म्हणजे नुसती दोन बटणं. मींडेसाठी ती मला चालत नाहीत.

अकाय एमपीके मिनी एमके3 वर जॉयस्टिक आहे. आर्टुरिया मिनीलॅब 3 आणि नोव्हेशन लाँचकी मिनी एमके3 वर टच स्ट्रिप आहेत. कॉर्ग मायक्रोकीच्या 25 कीजच्या मॉडेलवर जॉयस्टिक येते, 37 च्या मॉडेलवर चाकं मिळतात. पूर्ण आकाराच्या कीज आणि चाकं, तरीही लहान अंग, असं हवं असेल तर अलेसिस व्ही25 किंवा नोव्हेशन लाँचकी 37 बघा. मींड हा ज्यांच्या गाण्याचा प्राण आहे त्यांना मी चाकवालाच घ्यायला सांगते, मग त्यावर पॅड (बोटांनी थाप मारायच्या चौकोनी गाद्या) आणि नॉब (फिरवायच्या खुंट्या) कमी असले तरी चालतील.

*भात्याचं काम.* आता काकांच्या त्या चाकाकडे येऊ. व्हायोलिनसमूह, चेलो असे सॅम्पल केलेले बरेच आवाज सॉफ्टवेअरमध्ये असे बांधलेले असतात की मॉड्युलेशन चाक वर नेलं की सूर भरतो आणि खाली आणलं की विरत जातो. म्हणजे तो भाताच झाला. हे चाक सोडलं की जिथल्या तिथे थांबतं आणि सूर त्याच भरण्यावर राहतो. स्प्रिंगची जॉयस्टिक सोडली की मध्यावर परत येते आणि चार मात्रांचा धरलेला सूर मध्येच बसतो. टच स्ट्रिप असेल तर शेवटचा आकडा साधारणपणे टिकून राहतो. तंतुवाद्यांची भरगच्च साथ रचायची असेल तर हा फरक रोज जाणवेल.

*ठेका.* ढोलकी, तबला, ड्रम बोटांनी वाजवायचे असतील तर पॅड लागतील. आठ पॅडवर धा, ना, तिं, गे मांडून दादरा-केरवा सहज वाजतो. लाँचकी मिनीवर 16 पॅड आहेत, एमपीके मिनी आणि मिनीलॅबवर आठ-आठ. संख्येपेक्षा पॅडचा मऊपणा तपासा. एका बोटाने अगदी हलकी थाप मारा. ती नोंदली गेली नाही तर ढोलकीतले भरीचे बोल नीट उमटणार नाहीत, सगळेच बोल ठोकल्यासारखे येतील.

*कॉर्ड.* डाव्या हाताने कॉर्ड धरून उजव्याने सूर वाजवणाऱ्याला 25 कीज पुरत नाहीत. त्याने 37 च्या खाली जाऊ नये, जमलं तर 49 बघावा.

*नॉब आणि फेडर (सरकवायच्या पट्ट्या).* हे मी शेवटी ठेवलं आहे, कारण माउसने ते काम होतं. फिल्टर फिरवत इलेक्ट्रॉनिक संगीत रचणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा डावा हात नॉबवरच असतो, आणि मिनीलॅब 3 चे आठ नॉब व चार फेडर त्यांना आवडतील.

तिसरी पायरी: कीज किती

पेटी बहुधा तीन ते साडेतीन सप्तकांची असते. तिथून 25 कीजवर आलं की अंग चोरून बसल्यासारखं वाटतं. ऑक्टेव्हची बटणं असतात, पण चाल ऐन रंगात असताना बटण दाबायला गेलं की धागा तुटतो.

त्यावर एक युक्ती आहे. 25 कीजचा कीबोर्ड 'सी' पासून 'सी' पर्यंत असतो. पांढरी एकचा, म्हणजे 'सी' चा सा धरलात तर एकतर मंद्र पंचम कीबोर्डच्या बाहेर जातो, नाहीतर तार पंचम. सा पांढरी चारवर, म्हणजे 'एफ' वर धरा. सर्वांत डावीकडची की मंद्र पंचम होते आणि सर्वांत उजवीकडची बरोबर तार पंचम. आपल्या बहुतेक गाण्यांचा विस्तार या दोन पंचमांमध्ये बसतो. गायकाची पट्टी काळी एक असेल तर बोटं पांढरी चारवरच ठेवा आणि ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदलण्याचं सेटिंग, उणे चार करा. वाजेल ते काळी एकमध्ये. कीबोर्डवर ट्रान्सपोज नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये असतो.

एवढं करून 25 वर दोन-चार चाली निघत असतील तर मोठा घेऊ नका. बोटं सारखी कडेला आपटत असतील तर 32 किंवा 37 बघा. आर्टुरिया कीस्टेप 32 कीजचा आहे आणि त्याला आफ्टरटच आहे, म्हणजे दाबलेली की आणखी दाबून सुरात कंप आणता येतो. एवढ्या लहान अंगात ही सोय क्वचित मिळते.

चौथी पायरी: दुकानात जाऊन हात लावा

मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोजसारखी जुनी दुकानं आहेत, इतर मोठ्या शहरांतही वाद्यांच्या दुकानात एक-दोन कंट्रोलर मांडलेले असतात. आपला लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन जा. दुकानदाराला सांगा की दहा मिनिटं जोडून बघायचं आहे.

पहिल्यांदा बोटांची रुंदी बघा. बऱ्याच पेट्यांच्या कीज पियानोपेक्षा थोड्या अरुंद असतात, त्यामुळे पेटीवाल्यांना मिनी कीज पियानो शिकलेल्यांपेक्षा लवकर रुळतात. दोन काळ्या कीजच्या मधल्या पांढऱ्या कीवर बोट अडकत नाही ना, हे बघा. जाड बोटांच्या माणसाला नेमका हाच त्रास होतो.

मग जोराची परीक्षा. सॉफ्टवेअरमध्ये पियानोचा आवाज घेऊन रेकॉर्ड दाबा आणि एकच की शक्य तितक्या सारख्या, हलक्या जोराने दहा वेळा वाजवा. पियानो रोलमध्ये, म्हणजे रेकॉर्ड झालेले सूर दाखवणाऱ्या चौकटीत, प्रत्येक सुराखाली जोराची काडी दिसते. दहा काड्या थोड्या वर-खाली, पण एका उंचीच्या आसपास हव्यात. एक 25 ला, दुसरी 80 ला, तिसरी पुन्हा 30 ला असं दिसलं तर त्या कीबोर्डवर हळुवार गाणं वाजणार नाही. आता तीच की पुढच्या कडेला न दाबता आत, काळ्या कीजच्या मधे दाबा. तिथे ती जड लागते. किती जड लागते, ते बोटाने लक्षात ठेवा. शेवटी दोन काळ्या कीज घेऊन एक छोटी तान जलद वाजवा आणि एखादा सूर गळतो का ते ऐका.

कॉर्ग नॅनोकी2 सारख्या अगदी चपट्या मॉडेलवर कीजच्या जागी बटणं असतात. प्रवासात, रेल्वेत बसून चाल टिपून ठेवायला ती चांगली. घरातलं एकमेव वाद्य म्हणून मी ती सुचवत नाही.

पाचवी पायरी: मागची तोंडं बघा

सस्टेन पेडलचं, म्हणजे की सोडल्यावरही सूर धरून ठेवणाऱ्या पायपेडलचं तोंड असावं. सुरुवातीला पेडल नसलं तरी सहा महिन्यांनी हवंसं वाटतं. यूएसबी जोडताना पाय पेडलवर ठेवू नका, कारण बरेच कीबोर्ड सुरू होतानाच पेडलची दिशा ओळखतात आणि पाय दाबलेला असेल तर पेडल उलटं चालायला लागतं. जुना सिंथ किंवा साउंड मॉड्यूल जोडायचा असेल तरच मिडी आउट लागेल. मिनीलॅब 3 वर ते जुन्या पाच पिनांचं आहे, लाँचकी मिनीवर हेडफोनसारख्या छोट्या छिद्राचं.

फोनवर काम करणार असाल तर कीबोर्ड 'क्लास कम्प्लायंट' आहे का विचारा, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता चालणारा. अँड्रॉइडला ओटीजी जोडणी लागते. आयफोन 15 पासून टाइप-सी आहे, जुन्या आयफोनला कॅमेरा ॲडॉप्टर घ्यावा लागतो. ब्लूटूथ मिडी चाल टिपायला सोयीचं आहे, पण ठेक्यावर रेकॉर्डिंग करताना वायरच लावा.

वापरलेला कीबोर्ड घेत असाल तर यूएसबीचं तोंड हलवून बघा. वायर हलली की जोडणी तुटत असेल तर सोडून द्या. प्रत्येक की आणि प्रत्येक पॅड एकेकदा वाजवा. सोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना पहिल्या मालकाने बहुधा वापरलेला असतो, त्यामुळे किंमत ठरवताना तो धरू नका.

सहावी पायरी: सॉफ्टवेअर

नव्या कीबोर्डसोबत बऱ्याचदा एबल्टन लाइव्ह लाइटसारखी छोटी आवृत्ती येते. सुरुवातीला तेवढी पुरते. ॲपल वापरणाऱ्यांकडे गॅरेजबँड फुकट आहेच. रीपर 60 दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं. तुम्ही एखादं सॉफ्टवेअर आधीच वापरत असाल तर त्याच्याशी जमवून केलेला कीबोर्ड घ्या, प्ले-रेकॉर्डची बटणं लगेच चालू होतात. लाँचकीची मालिका एबल्टन समोर ठेवून बनवलेली आहे.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी

दोन सेटिंग आधी करा.

पहिलं, उशीर. की दाबल्यावर आवाज मागाहून येत असेल तर कीबोर्डला दोष देऊ नका. ऑडिओ सेटिंगमध्ये बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा किती तुकडा साठवून पुढे पाठवतो तो आकडा. 44.1 किलोहर्ट्झला 512 चा बफर सुमारे 12 मिलिसेकंद घेतो, 128 चा सुमारे 3. वाजवताना 128 ठेवा, मिक्स करताना वाढवा. विंडोजवर हा उशीर कमी करणारा एसिओ ड्रायव्हर लागेल. ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर घ्या, नसेल तर एसिओफॉरऑल चालतो.

दुसरं, बेंडची मर्यादा. कीबोर्ड फक्त चाक किती सरकलं ते सांगतो. तेवढ्यात सूर किती चढवायचा हे सॉफ्टवेअरमधला प्रत्येक आवाज स्वतः ठरवतो. बहुतेक ठिकाणी दोन अर्धस्वर लावलेले असतात. तानपुरा लावून रे धरा आणि चाक शेवटपर्यंत न्या: शुद्ध गंधार लागतो, अर्ध्यावर कोमल. साकडून पंचमापर्यंत मींड हवी असेल तर मर्यादा सात करा, म्हणजे चाकाचं टोक बरोबर पंचमावर येईल. सरसकट 12 लावून ठेवू नका. चाक जरासं हललं तरी सूर भरकटतो आणि बारीक काम हाताला कधीच बसत नाही.

दुकानाची किंवा संकेतस्थळाची परत करण्याची मुदत बिलावर बघून ठेवा आणि तोवर खोका टाकू नका. त्या दिवसांत एका गाण्याचा मुखडा आणि एक अंतरा, तानपुरा आणि ठेक्यासकट, पूर्ण रेकॉर्ड करा. वाजवताना फोन बाजूला टेकवून दोन्ही हातांचा व्हिडिओ घ्या. मग आवाज बंद करून तो बघा आणि डावा हात कुठे जातो तेवढंच पाहा. चाक शोधत तो रिकाम्या जागी जात असेल, किंवा अंतऱ्यात तीन-तीनदा ऑक्टेव्हच्या बटणाकडे धावत असेल, तर मुदत संपायच्या आत कीबोर्ड बदलून घ्या.